शेततळ्यातील उपद्रवी जीव व पाणतण यांचा बंदोबस्त

बीड जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. परंतु हा पाऊस सर्व तालुक्यांत सारखा पडत नाही, आणि पडला तरी वेळेवर पडेलच असा भरवसा नाही. १९७२ चा दुष्काळ वयोवृद्ध शेतकऱ्यांच्या स्मरणात अद्याप आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांतील पाणीटंचाई तर तरुण पिढीनेही अनुभवली आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले होते. अशा मुलखात शेतात साठविलेले पाणी हे शेतकऱ्याचे खरे भांडवल होय.

हे भांडवल वाढविण्याच्या हेतूने गावोगावी शेततळी खोदण्यात आली. राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर या कामास विशेष गती मिळाली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा शेततळ्यात, बाजूंना एकास एक उतार धरल्यास, २,१९६ घनमीटर म्हणजे सुमारे २२ लक्ष लिटर पाणी मावते. या पाण्यावर मोसंबी, डाळिंब व सीताफळ यांच्या बागा उन्हाळ्यात तग धरतात. त्याच पाण्यात कटला, रोहू, मृगळ या जातींचे मासे वाढविले, तर पाणी खर्ची न पडता दुसरे पीक हाती येते.

तथापि अनेक तळ्यांवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी निराळाच अनुभव येतो. सोडलेली बोटुकली कोठे गेली याचा पत्ता लागत नाही. जाळे ओढावे तो मूठ-मूठभर आकाराची चिलापीच वर येते. पाण्यावर हिरवा थर पसरतो, पंपाच्या फुटव्हॉल्व्हमध्ये पाणतण अडकते आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात. त्रासून गेलेला शेतकरी मग दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक तर कोयता घेऊन तण तोडतो, किंवा घरातील फवारणीचे औषध पाण्यात ओततो. पहिल्या मार्गाने तण पुष्कळदा वाढते. दुसऱ्या मार्गाने मासे मरतात आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी विषारी होते. यास्तव कोणताही उपाय योजण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे शोधली पाहिजेत : हा उपद्रव तळ्यात आला कोठून, आणि तो वाढतो कसा?

उपद्रव येतो कोठून?

नवे शेततळे खोदले जाते तेव्हा त्यात मासा नसतो आणि पाणतणही नसते. पुढे जे दिसते त्यातील बराचसा भाग माणसाच्या हाताने आत आलेला असतो. मत्स्यबीजाच्या पिशवीतून परक्या माशांची पिल्ले व पाणतणाचे तुकडे येतात. एका तळ्यात ओढलेले ओले जाळे त्याच दिवशी दुसऱ्या तळ्यात टाकले, तर जाळ्याच्या गाठींत अडकलेले तण तेथे रुजते. नदी, नाला किंवा कालव्यावरून पंपाने तळे भरताना पाण्याबरोबर माशांची पिल्ले येतात. गोदाकाठची गेवराई व माजलगाव या तालुक्यांतील गावे, सिंदफणेचा काठ आणि पैठणच्या उजव्या कालव्याचा लाभ मिळणारी शिवारे येथे हा धोका विशेष आहे. कारण मोठ्या जलाशयातील जे काही आहे ते कालव्याच्या वाटेने खाली येऊ शकते. शोभेसाठी हौसेने आणून टाकलेले जलपर्णीचे एखादे रोपही पुरेसे होते. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील असून तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने ती जगभर नेण्यात आली. नाशिकजवळ गोदावरीत आणि पुण्याच्या पवना व मुळा या नद्यांत आज ती प्रतिवर्षी काढावी लागते.

यावरून पहिला व सर्वांत स्वस्त उपाय स्पष्ट होतो. तळे भरताना पाइपच्या तोंडास बारीक विणीच्या नायलॉन कापडाची दुपदरी पिशवी घट्ट बांधावी आणि ती वरचेवर झटकून साफ करावी. पिशवीत सापडलेली पिल्ले व तण काठावर न टाकता दूर नेऊन पुरावे. पावसाचे वाहते पाणी तळ्यात घेतले जाते त्या तोंडावरही जाळी असावी. मत्स्यबीजाची पिशवी तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे आतील व बाहेरील पाण्याचे उष्णतामान सारखे होते. त्यानंतर पिशवी तळ्यात तशीच ओतू नये. बीज प्रथम पांढऱ्या टबात घ्यावे, त्यातील निराळी दिसणारी पिल्ले, किडे व तण वेचून काढावे, आणि बीज हातजाळीने उचलून तळ्यात सोडावे. पिशवीतील पाणी शेतात ओतावे. दुसऱ्याचे जाळे वापरावयाचे असल्यास ते दोन-तीन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवूनच पाण्यात घालावे.

तुकड्यापासून वाढणारे जीव

शेतकऱ्यास हरळी, लव्हाळा आणि बेशरम यांची ओळख करून देण्याची गरज नाही. लव्हाळा वरून कापला तर जमिनीतील गाठी पुन्हा फुटतात. बेशरमाची फांदी तोडून ओल्या जागी टाकली तर तिला मुळ्या येतात. पाण्यातील कित्येक तणांची रीत हीच आहे. हायड्रिला नावाचे तण तळाशी रुजते व पाण्यात दोरीसारखे वाढते. त्याच्या देठाचा पेर असलेला लहानसा तुकडा नवे रोप निर्माण करण्यास पुरेसा होतो. शिवाय त्याच्या गाठी चिखलात काही वर्षे जिवंत राहू शकतात. कोयत्याने किंवा दाताळ्याने असे तण तोडून तुकडे पाण्यात तरंगत राहू दिले, तर एका कोपऱ्यातील तण महिन्याभरात चारी बाजूंस पोचते.

जलपर्णीची रीत थोडी वेगळी आहे. तिच्या बुडातून आडवा धुमारा निघतो व त्याच्या टोकास पिल्लू-रोप तयार होते. अनुकूल उष्णतामान व खताचे पाणी मिळाल्यास साधारण दोन आठवड्यांत तिची संख्या दुप्पट होते. या हिशेबाने आषाढात तळ्यात राहिलेली दहा रोपे वीस आठवड्यांत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, दहा हजारांच्या वर जातात. तिचे बी चिखलात अनेक वर्षे उगवणक्षम राहते. म्हणून जलपर्णी दहा रोपांची असताना आणि फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट काढली पाहिजे. तेव्हा ते काम एका माणसाचे व अर्ध्या तासाचे असते.

प्राण्यांतही ही रीत आढळते. गोड्या पाण्यात हायड्रा नावाचा एक अत्यंत लहान जीव असतो. तो पानाच्या अथवा दगडाच्या खालच्या बाजूस चिकटून राहतो व धाग्यासारख्या हातांनी भक्ष्य पकडतो. मत्स्यजिरे वाढविण्याच्या लहान हौदांत तो फार झाला, तर माशांचे सूक्ष्म खाद्य व क्वचित नाजूक जिरेही फस्त करतो. हॉलंडमध्ये १७४० च्या सुमारास आब्राहाम ट्रेंब्ले या अभ्यासकाने या जीवाचे दोन तुकडे केले, तेव्हा दोन्ही तुकडे पूर्ण जीव बनल्याचे त्यास आढळले. हायड्राचे समुद्रातील नातलग म्हणजे समुद्रपुष्पे. मोठ्या शहरांतील काही हौशी लोक घरी काचेच्या टाकीत खारे पाणी ठेवून प्रवाळ वाढवितात. त्यांच्या टाकीत खडकाच्या तुकड्यास चिकटून समुद्रपुष्पाची एक उपद्रवी जात येते व शेजारच्या प्रवाळास डंख करते. ती खरवडून काढू गेल्यास बुडाचा जो कण खडकावर राहतो त्यापासून नवे समुद्रपुष्प तयार होते. म्हणून जाणकार लोक तिला खरवडत नाहीत, तर ती खाणारी कोळंबी टाकीत सोडतात किंवा सुईने औषध टोचून तिला जागच्या जागी मारतात. टाकी घागरीएवढी असो वा तळे बावीस लक्ष लिटरचे असो, तुकड्यापासून वाढणाऱ्या जीवाला तोडणे म्हणजे त्याची पेरणी करणे होय.

उपाय म्हणून आणलेले उपद्रव

चिलापी हा मासा आफ्रिकेतील असून भारतात १९५२ मध्ये आणण्यात आला. कोणत्याही पाण्यात तो जगतो, काहीही खातो आणि लवकर विणीस येतो, हे त्याचे गुण म्हणून सांगितले गेले. लहान तळ्यात हेच गुण दोष ठरतात. ही चिलापी दोन-तीन महिन्यांत, बोटभर लांबीची असतानाच, विणीस येते व वर्षातून अनेक वेळा विते. मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळत असल्यामुळे त्यांपैकी पुष्कळ जगतात. थोड्याच काळात तळ्यात हजारो खुजी पिल्ले होतात. त्यांना पुरेसे अन्न मिळत नाही आणि कटला, रोहू यांच्या वाट्याचे अन्नही ती खाऊन टाकतात. सोलापूर जिल्ह्यातील उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयात चिलापीवर कित्येक मच्छीमार कुटुंबांचा उदरनिर्वाह चालतो, हे खरे आहे. परंतु जलाशयास जे सोसते ते ३० मीटरच्या तळ्यास सोसत नाही. चिलापीच्या सुधारित जातींचे पालन करावयाचे असल्यास ते शासनाच्या परवानगीने व मार्गदर्शक सूचनांनुसारच करावे लागते.

परदेशी मांगूर त्याहून घातक आहे. या आफ्रिकन माशाच्या पालनास भारत सरकारने २००० मध्ये बंदी घातली आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश दिले. तो इतर मासे खातो, हवेतून श्वास घेतो व ओल्या चिखलात तग धरतो. झपाट्याने वाढणारे बीज म्हणून कोणी हा मासा देऊ केल्यास तो घेऊ नये. अंगावर खवले नसणे, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असणे आणि पाठीवरील पर शेपटीजवळपर्यंत लांब असणे ही मांगूर जातीची खूण आहे. देशी मांगूर तसाच दिसत असल्याने शंका आल्यास मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून मासा ओळखून घ्यावा. चिलापीची खूण अशी की तिच्या पाठीवरील पराचा पुढील भाग टोकदार काट्यांचा असतो.

गंबुशिया हा लहान मासा डासांच्या अळ्या खातो म्हणून १९२८ मध्ये भारतात आणला गेला. तो इतर माशांची अंडी व पिल्लेही खातो. डासनिर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो मत्स्यबीज वाढविण्याच्या तळ्यात सोडू नये.

याउलट ‘गवत्या’ माशाचे उदाहरण आहे. चीनकडील हा मासा हाँगकाँगहून १९५९ मध्ये भारतात आणण्यात आला. तो हायड्रिला, टिकलीसारखी तरंगणारी बारीक पाणवनस्पती व मऊ गवत आवडीने खातो आणि दररोज आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक हिरवा चारा संपवू शकतो. विणीसाठी त्यास मोठ्या नदीचे वाहते पाणी लागत असल्यामुळे तो शेततळ्याच्या साचलेल्या पाण्यात वीत नाही. जेवढे सोडावेत तेवढेच राहतात व नको तेव्हा जाळ्याने काढता येतात. तळ्यात मदतनीस सोडताना त्याची खादाडी पाहावी, तशीच त्याची वीणही पाहावी. मात्र गवत्या जलपर्णी फारशी खात नाही, आणि तण संपल्यावर त्यास बांधावरचे कोवळे गवत कापून घालावे लागते. हायड्रिला असलेल्या तळ्यात इतर जातींच्या बरोबर गवत्याची थोडी मोठी बोटुकली सोडणे हितावह आहे.

उन्हाळा ही बंदोबस्ताची वेळ

बीड जिल्ह्यात चैत्र-वैशाखाचे ऊन तीव्र असते. तळ्याच्या दृष्टीने ते वरदान आहे. फळबागेला शेवटच्या पाळ्या देता देता तळ्याची पातळी खाली जाते, त्याच वेळी मोठे मासे काढून विकावेत आणि उरलेले पाणी बागेस देऊन तळे पूर्ण कोरडे करावे. मातीचे तळे तळास भेगा पडेपर्यंत वाळू द्यावे. चिलापी, तिची पिल्ले व बहुतेक पाणतण यांना याहून स्वस्त औषध नाही. मांगुराची शंका असल्यास चिखलातील बिळे व ओलसर खड्डे उकरून पाहावेत. नंतर वरचा गाळ काढून शेतात पसरावा. हा गाळ सुपीक असतो, परंतु त्यात हायड्रिलाच्या गाठी व जलपर्णीचे बी असण्याचा संभव असल्यामुळे तो दुसऱ्या तळ्याच्या, विहिरीच्या किंवा पाटाच्या काठी टाकू नये.

प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात थोडी निराळी काळजी घ्यावी. अस्तर ५०० मायक्रॉन जाडीचे असले तरी लोखंडी दाताळे, फावडे किंवा खिळ्यांच्या वहाणा यांनी ते फाटते, आणि एका छिद्रातून वर्षाचे पाणी निघून जाते. तळाचा गाळ व शेवाळ मऊ झाडूने एका बाजूस ओढून टोपल्यांनी काढावे. रिकामे अस्तर वाऱ्याने फडफडते व उन्हाने जीर्ण होते. म्हणून सफाईस जेवढे दिवस लागतील तेवढेच दिवस तळे कोरडे ठेवावे.

काही तळी पूर्ण कोरडी करणे शक्य नसते. तेथे नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड वापरतात. या पेंडीत असलेल्या सॅपोनिन द्रव्याने मासे मरतात, आणि द्रव्याचा प्रभाव ओसरल्यावर तीच पेंड तळ्यास खत म्हणून उपयोगी पडते. प्रमाण दर घनमीटर पाण्यास २५० ग्रॅम, म्हणजे एक मीटर खोल पाण्याच्या एका हेक्टरास २,५०० किलो असे आहे. वर सांगितलेल्या ३० मीटरच्या तळ्याचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो. तळे काठोकाठ भरलेले असताना २,१९६ घनमीटर पाण्यास सुमारे ५५० किलो पेंड लागेल. पाणी एक मीटर उरले असता ते सुमारे ६२५ घनमीटर भरते व १५६ किलो पेंड पुरते. पाणी अर्धा मीटरच उरले असता ७५ किलोत काम भागते. म्हणून हे काम पाणी तळाशी गेल्यावरच करावे.

पेंड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी सर्व तळ्यात सारखी पसरावी व जाळे ओढून पाणी ढवळावे. अर्धमेले मासे वर येतात, ते लगेच काढून घ्यावेत. असे ताजे मासे खाण्यास योग्य असतात. सडलेले मासे खड्ड्यात पुरावेत. पेंडीचा परिणाम साधारण तीन आठवडे टिकतो, तोपर्यंत नवे बीज सोडू नये व जनावरांना त्या पाण्यावर नेऊ नये. तीन आठवड्यांनंतर दहा-वीस बोटुकली जाळीच्या हाप्यात घालून चोवीस तास तळ्यात ठेवून पाहावीत. ती टवटवीत राहिली तरच बाकीचे बीज सोडावे.

पेंड न मिळाल्यास ब्लीचिंग पावडर दर घनमीटरास ३५ ग्रॅम या प्रमाणात वापरतात. एक मीटर उरलेल्या पाण्यास ती सुमारे २२ किलो लागते. तिचा परिणाम आठवडाभरात ओसरतो. ती टाकताना नाकातोंडास कापड व हातांत मोजे असावेत, वाऱ्याची दिशा पाहून उभे राहावे आणि ती कोणत्याही खतात अथवा औषधात मिसळू नये.

बीज सोडण्यापूर्वी किड्यांचा बंदोबस्त

पाणविंचू, पाणभुंगे, पाठीवर पोहणारे ढेकूण व चतुराच्या अळ्या हे मत्स्यजिऱ्यांचे शत्रू होत. जिरे सहा ते आठ मिलिमीटर लांबीचे असतात व अशा किड्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. पाठीवर पोहणारे ढेकूण, पाणविंचू व भुंगे श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येतात. पाण्यावर तेलाचा पातळ पडदा पसरला म्हणजे त्यांना हवा मिळत नाही व ते मरतात. यासाठी हेक्टरी ५६ किलो स्वस्त वनस्पती तेल व १८ किलो साबण, म्हणजे दर १०० चौरस मीटर पृष्ठभागास ५६० ग्रॅम तेल व १८० ग्रॅम साबण घ्यावा. साबण कोमट पाण्यात विरघळवून त्यात तेल घोटावे व वारा नसताना, बीज सोडण्यापूर्वी बारा ते चोवीस तास, हे मिश्रण पाण्यावर शिंपडावे. वारा असल्यास पडदा एका काठाशी गोळा होतो व श्रम वाया जातात. चतुराच्या अळ्या कल्ल्यांनी श्वास घेत असल्याने त्यांवर या उपायाचा परिणाम होत नाही; त्या बारीक जाळे ओढून काढाव्या लागतात.

हा खटाटोप जिरे वाढविणाऱ्यांसाठी आहे. ज्या शेततळ्यात पाणी सात-आठ महिनेच टिकते तेथे जिरे सोडण्याच्या भरीस न पडता चांगली मोठी बोटुकलीच घ्यावीत. ती महाग पडतात; परंतु किडे त्यांना खाऊ शकत नाहीत आणि पाणी संपण्यापूर्वी ती विक्रीयोग्य होतात. हेक्टरी पाच हजार या सर्वसाधारण प्रमाणाने ३० मीटरच्या तळ्यास सुमारे ४५० बोटुकली पुरतात.

भरलेल्या तळ्यातील तण

पावसाळ्यानंतर भरलेल्या तळ्यात तण दिसल्यास ते उपटून काढावे, तोडू नये. दोघांनी दोन काठांवर उभे राहून जाड दोर तळ्यातून ओढल्यास तरंगते तण एका बाजूस जमा होते. ते टोपलीने काढून बांधापलीकडे वाळत घालावे. मागे राहिलेले तुकडे बारीक जाळीने गाळून घ्यावेत. हा शेवटचा भाग कंटाळवाणा असला तरी वर सांगितलेल्या कारणास्तव सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्ण वाळलेले तण कंपोस्ट खड्ड्यात घालावे. तंतुमय शेवाळ बांबूच्या टोकास गुंडाळून काढावे आणि त्याच वेळी तळ्यात शेण व खत घालणे थांबवावे. कारण शेवाळ हे जास्त खताचे लक्षण आहे.

तण फार माजले असल्यास एकाच दिवशी सर्व तळे घुसळू नये. तळाचा गाळ ढवळला गेला व पाण्यात तण कुजले, म्हणजे विरघळलेला प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. एक तृतीयांश भाग साफ करावा, आठवडाभर थांबावे व मग पुढील भाग घ्यावा. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेताना दिसल्यास काम थांबवून पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात सोडावे.

पिकावरील कीटकनाशक अथवा तणनाशक तळ्यात कधीही ओतू नये. कीटकनाशकांच्या अत्यल्प मात्रेनेही मासे मरतात. शिवाय तेच पाणी बैल, म्हैस, शेळी पितात व तेच भाजीवर जाते. फवारणीचा पंप तळ्यात बुडवून धुण्याची सवयही सोडून द्यावी.

याच ठिकाणी एका गंभीर गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. अस्तराच्या तळ्याचा उतार ओला झाला की बुळबुळीत होतो व पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर चढता येत नाही. राज्यात शेततळ्यांत माणसे व मुले बुडण्याच्या दुःखद घटना वारंवार घडल्या आहेत. तण काढण्यासाठी एकट्याने तळ्यात उतरू नये. कमरेस दोर बांधून त्याचे टोक काठावरील माणसाच्या हाती द्यावे. तळ्यास चारी बाजूंनी कुंपण, आत गाठी मारलेला कायमचा दोर आणि काठावर हवा भरलेली ट्यूब असलीच पाहिजे. गेलेले मत्स्यबीज पुन्हा आणता येते, गेलेला माणूस आणता येत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

एका शेतकऱ्याने आपले तळे स्वच्छ ठेवले आणि शेजाऱ्याच्या तळ्यात जलपर्णी वाढू दिली, तर ओल्या जाळ्याबरोबर, पुराबरोबर वा उसन्या आणलेल्या पंपाबरोबर तो उपद्रव परत येतो. म्हणून हे काम शिवारवार झाले पाहिजे. ग्रामसेवक व कृषी कार्यकर्त्यांनी गावातील तळ्यांची यादी करून कोणत्या तळ्यात चिलापी, कोणत्यात हायड्रिला व कोणत्यात जलपर्णी आहे याची नोंद ठेवावी. चैत्र-वैशाखात तळी कोरडी करण्याचे दिवस शक्यतो एकाच पंधरवड्यात ठरवावेत. मत्स्यबीज खात्रीच्या केंद्रातून, गावाने एकत्र येऊन मागवावे व ते पांढऱ्या टबात पाहून घेण्याचे प्रात्यक्षिक एका तळ्यावर सर्वांसमक्ष करावे. उपद्रव नसलेल्या तळ्यांसाठी एक जाळे वेगळे राखून ठेवावे.

सल्ल्यासाठी बीड येथील मत्स्यव्यवसाय विभागाचे कार्यालय आहे. अंबाजोगाई व गेवराई तालुक्यातील खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीर येथे मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. ओळख न पटणारा मासा अथवा तण डब्यात घालून तेथे दाखवावे व सांगितल्यावरच उपाय योजावा.

वर्षाचा क्रम थोडक्यात असा : चैत्र-वैशाखात तळे कोरडे करून गाळ काढणे, ज्येष्ठात जाळ्या व कुंपण दुरुस्त करणे, पाणी भरताना पाइपास पिशवी बांधणे, आषाढ-श्रावणात तपासून घेतलेली मोठी बोटुकली सोडणे, आणि तेथून पुढे दर आठवड्यास तळ्याभोवती एक फेरी मारून दिसेल ते पहिले रोप मुळासकट काढणे. या फेरीस पैसा लागत नाही. ती नियमाने मारणाऱ्या शेतकऱ्याचे पाणी दुष्काळातही बागेच्या कामी येते व मासळीचे उत्पन्न त्याच्या पदरात पडते.